जिथलेतिथे

तिसऱ्या मजल्यावरच्या काकांच्या दारावर त्यांच्या खऱ्या आडनावाची पितळी पाटी आहे. दर शनिवारी ते ती चिंचेने घासून लखलखीत करतात. तरीही सोसायटीत त्या आडनावाने त्यांना कोणी ओळखत नाही. सगळे त्यांना 'जिथलेतिथे' म्हणतात. एकदा कुरिअरवाल्याने खाली वॉचमनला नाव विचारलं. वॉचमनला जे माहीत होतं ते त्याने सांगितलं, आणि पावतीवर निळ्या शाईत 'श्री. जिथलेतिथे' असं उमटलं. काका रागावले नाहीत. त्यांनी सही केली, पेन त्या पोराच्या खिशाला परत अडकवलं, खोकं तिथल्या तिथे उघडलं, चिकटपट्टी वेगळी केली, पुठ्ठा सपाट करून रद्दीच्या जागी ठेवला आणि मग म्हणाले, "आडनाव वाईट नाही."

वस्तू जिथली तिथे ठेवावी, हे प्रत्येकाच्या आईने प्रत्येकाला सांगितलेलं असतं. आपण ते ऐकून मोठे होतो आणि विसरतो. काका ऐकून मोठे झाले आणि थांबलेच नाहीत.

त्यांच्या घरात दाराच्या आतल्या बाजूला, हाताच्या उंचीवर पाच हूक आहेत. पहिल्यावर घराची किल्ली, दुसऱ्यावर गाडीची, तिसऱ्यावर पत्रपेटीची, चौथ्यावर भाजीची कापडी पिशवी. पाचवा रिकामा. तो कशासाठी, असं मी विचारलं तर म्हणाले, "पाहुण्यांची छत्री." स्वयंपाकघरात कालनिर्णय. 1973 साली हे कालनिर्णय निघालं, तेव्हापासून त्यांच्या घरी दुसरं कॅलेंडर लागलेलं नाही. त्याच्या चौकोनांत दुधाचे खाडे, सिलिंडर लावल्याची तारीख, गीझर दुरुस्तीची तारीख, घड्याळाचा सेल बदलल्याची तारीख. एकादशी शोधायची तर या सगळ्यातून वाट काढावी लागते. दुधाच्या पिशवीचा कोपरा ते पूर्ण कापत नाहीत. तो लोंबता ठेवतात. तो इवलासा तुकडा एकदा सुटला की कचऱ्यात कोणाच्या हाती लागत नाही, असं त्यांचं म्हणणं, आणि ते खरंच आहे. रिकामी पिशवी धुऊन ओट्यामागच्या टाइल्सवर चिकटवायची. सकाळी आठला त्यांच्या भिंतीवर दोन निळ्या पिशव्या पताकांसारख्या दिसतात.

आणि नेलकटर. प्रत्येक घरातली सर्वांत बेभरवशाची वस्तू कोणती, तर नेलकटर. तो विकत आणता येतो, पण ठेवून घेता येत नाही. काकांनी त्याला सुतळी बांधून खिडकीच्या ग्रिलला अडकवला आहे, बँकेत पेन बांधतात तसा. घरातल्या प्रत्येकाला खिडकीशी उभं राहूनच नखं कापावी लागतात. नातवाने एकदा सुतळी कापून पाहिली. काकांनी दुसऱ्या दिवशी साखळी लावली.

हे सगळं आलं कुठून, तर डोंबिवलीहून. चौतीस वर्षं काका डोंबिवली पूर्व ते बॅलार्ड पिअर असे गेले आणि आले. इंजिनाकडून तिसरा डबा, दुसरं दार, उजवीकडचा दांडा. चाळीत पाणी पहाटे पाच ते साडेसहा. तेवढ्या वेळात पिंप भरलं नाही तर दिवस बुडाला. आदल्या रात्री डबा धुऊन पालथा, कपडे खुर्चीच्या पाठीवर, पास शर्टाच्या खिशात, रुमाल पॅंटच्या. सकाळी विचार करायला वेळच नव्हता, त्यामुळे सगळा विचार रात्रीच उरकलेला. गर्दीत कोपर हलवायला जागा नसे, म्हणून वर्तमानपत्र आठ घड्या घालून वाचायची सवय लागली. आता त्यांच्याकडे दहा फुटी बाल्कनी आहे, समोर येऊरचा हिरवागार डोंगर आहे, पण पेपर अजून आठ घड्यांचाच. अग्रलेख वाचायचा तर चार वेळा उलटवावा लागतो.

निवृत्तीनंतर मुलाने घोडबंदर रोडला, वाघबीळच्या आत फ्लॅट घेतला आणि काका इथे आले. ज्यांना हा रस्ता ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. अरबस्तानातून आलेले घोडे खाडीकाठी उतरत, म्हणून गावाला घोडबंदर नाव पडलं असं म्हणतात. घोडे गेले, कंटेनर आले. उरणच्या जेएनपीटीतून गुजरातकडे निघालेली अवजड वाहनं, कासारवडवलीच्या शाळेच्या बस, माजिवड्याकडे धावणारे नोकरदार आणि मधोमध मेट्रो 4 चे खांब, असा सगळा संसार एकाच रस्त्यावर. वडाळ्याहून कासारवडवलीला येणारी ही मेट्रो, पुढे 4-अ गायमुखपर्यंत. तिच्यासाठी 2018 च्या सुमारास जे पत्रे लागले, ते पाहत इथली मुलं पहिलीतून हायस्कुलात गेली. गायमुख घाटात दुरुस्ती निघाली की सगळ्यांच्याच पोटात गोळा येतो. घोडं कुठे पेंड खाईल ते सांगता येत नाही: कधी मानपाड्याला, कधी पातलीपाड्याला, कधी कापूरबावडीला. खरे घोडे होते तेव्हा माणसं बहुधा वेळेवर पोचत असावीत.

अशा रस्त्यावर राहायला आलेल्या काकांनी पहिल्याच महिन्यात वहीत वेळा टिपायला सुरुवात केली. सोमवारी साडेआठला निघालं तर ठाणे स्टेशन किती मिनिटं, सव्वाआठला किती, पावसात किती. तीन महिन्यांनी त्यांनी वही मिटली आणि निष्कर्ष जाहीर केला: "लागतील तेवढी लागतात. आपण आधी निघायचं."

त्यांचं घरातून निघणं पाहण्यासारखं असतं. उंबऱ्याबाहेर पाय टाकण्याआधी ते थांबतात आणि मोठ्याने म्हणतात, "किल्ली, चष्मा, पाकीट, मोबाईल, रुमाल." प्रत्येक शब्दाला त्या त्या जागी हात लागतो. खिसा, छाती, मागचा खिसा, पुन्हा छाती, डावा खिसा. संध्येतला अंगन्यास असावा तसा. नवा वॉचमन आला होता, त्याने लिफ्टपाशी हा प्रकार पाहिला आणि तोही डोळे मिटून, हात जोडून उभा राहिला. काकांनी 'रुमाल' म्हटल्यावर तो "जय हो" म्हणाला.

आम्ही हसायचो. मग एकदा माझ्या मुलीने सांगितलं की जपानी रेल्वेत मोटरमन सिग्नलकडे बोट दाखवून तो मोठ्याने उच्चारतात. तिकडच्या रेल्वे संशोधन संस्थेने 1994 साली चाचणी घेतली, तेव्हा नुसतं काम करताना शंभरामागे 2.38 चुका झाल्या आणि बोट दाखवून बोलताना 0.38. मी ही बातमी मोठ्या उत्साहाने काकांना दिली. त्यांनी क्षणभर विचार केला आणि म्हणाले, "म्हणजे शंभरातली थोडी तरी माणसं जपानातही चष्मा विसरतातच."

सवयींवरची पुस्तकं त्यांना मुलगा आणून देतो. ती काका वाचतात, खुणेचा कागद घालतात आणि कपाटात उंचीच्या क्रमाने लावतात. सवय लागायला एकवीस दिवस लागतात असं पूर्वी सगळे सांगायचे; मॅक्सवेल माल्ट्झ नावाच्या अमेरिकी प्लास्टिक सर्जनच्या 1960 सालच्या पुस्तकातून ते पसरलं. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात मग शहाण्णव जणांवर अभ्यास झाला, तो 2010 साली छापून आला. त्यात सरासरी सहासष्ट दिवस निघाले. कोणाला अठरा, तर कोणाला थेट दोनशे चौपन्न, असा हिशेब. काकांना हे सांगितलं तर ते म्हणाले, "मला एक दिवस लागला. आईने लाटणं दाखवलं होतं."

काकांची आणखी एक सवय आहे आणि तिचा त्रास दुसऱ्यांना होतो. रिकाम्या हाताने उठायचं नाही. हॉलमधून स्वयंपाकघरात जायचं तर जाताना कप न्यायचा, येताना पाण्याची बाटली आणायची. पायपीट निम्मी होते, पसारा आपोआप आवरतो. इथपर्यंत ठीक आहे. पण हा नियम पाहुण्यांनाही लागू आहे. त्यांच्याकडे चहा प्यायला गेलेला माणूस निघायला उठला की काकांच्या तोंडून शब्द येतातच: "उठलाच आहात तर..." मग तो माणूस जाताना रद्दीचा गठ्ठा खाली नेतो, दुसऱ्या मजल्यावर कोणाचं तरी बिल देतो, पार्किंगमधला दिवा बंद करतो. मी एकदा नुसता कूस बदलायला सोफ्यावर किंचित हललो, तर माझ्या हातात मिठाची बरणी आली.

सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर रोज रात्री साडेनऊला त्यांचा संदेश येतो. "उद्या शुक्रवार. पाणी नाही. बादल्या भरणे. ओला कचरा आठच्या आत." इथल्या आयटीवाल्या मुलामुलींनी गट म्यूट करून ठेवला आहे, पण साडेनऊला सगळे गुपचूप उघडून पाहतात. एकदा काका गावी गेले आणि संदेश आला नाही. दुसऱ्या दिवशी पाणी गेलं, आणि अंगाला साबण लावलेल्या स्थितीत अख्ख्या 'बी' विंगला काकांची आठवण झाली. टँकर यायला दुपार उजाडली. काकांच्या न्हाणीघरात मात्र दोन बादल्या बारमाही भरलेल्या, वर झाकण, झाकणावर तांब्या पालथा. रोज संध्याकाळी शिळं पाणी तुळशीला आणि कढीपत्त्याला जातं, ताजं भरलं जातं. चाळ सुटली, पण पिंप सुटलं नाही.

काकूंविषयी लिहिलं नाही तर हे चित्र अर्धं राहील. काकू शांत आहेत. "चाळीस वर्षं झाली, मीसुद्धा जिथल्या तिथेच आहे," असं त्या एकदा चकल्या पाडता पाडता म्हणाल्या. काका पेपरातून वर पाहून म्हणाले, "बघ, सापडतेस ना लगेच?" पण स्वयंपाकघरात डावीकडून तिसरा खण काकूंचा आहे. त्यात जुन्या साड्यांच्या किनारी, फुटकी फणी, रबरबँड, पत्रिका, एक कानातलं, लिमलेटच्या गोळ्या, बटणं, कोणाचं तरी पासपोर्ट साइज छायाचित्र, असं सगळं एकत्र नांदतं. त्या खणाला काकांनी हात लावायचा नाही, असा तह झालेला आहे. आणि गंमत अशी, की काकांच्या व्यवस्थेत नसलेली वस्तू हवी असली की ती नेमकी या खणात मिळते. काका तेव्हा पाठ फिरवून उभे राहतात आणि काकू उलथापालथ करून ती वस्तू त्यांच्या तळहातावर ठेवतात.

काकांचं एक दुखणंही आहे. अधूनमधून त्यांना एखाद्या वस्तूसाठी 'अधिक योग्य जागा' सुचते. थर्मामीटर औषधांच्या डब्यातून त्यांनी अशाच एका अधिक योग्य जागी हलवला. त्याला आता दोन वर्षं झाली. ताप आला की ते हाताने कपाळ बघतात.

एका शनिवारी काशिनाथ घाणेकर नाट्यगृहात रात्री साडेआठचा प्रयोग होता. आम्ही चौघांनी तिकिटं काढली. काकांनी फर्मान काढलं: पावणेसातला निघायचं. आम्ही दोघं हसलो. वाघबीळहून मानपाडा, तिथून आत. अंतर ते किती! काका-काकू पावणेसातला रिक्षात बसले. आम्ही ऐटीत साडेसातला निघालो आणि पातलीपाड्याच्या पुलावर एका बंद पडलेल्या ट्रेलरच्या मागे अडकलो. खालचा रस्ता मोकळा दिसत होता, वर मात्र पाऊण तास कोणी हलेना. तिसरी घंटा झाली असेल तेव्हा बायको माझ्याकडे बघत नव्हती, एवढंच सांगतो. मध्यंतराच्या जरा आधी आम्ही अंधारात चाचपडत खुर्चीत बसलो. शेजारून काकांनी काही न बोलता माझ्या हातात कागद ठेवला. मध्यंतरात दिव्याखाली पाहिलं तर कार्यक्रमपत्रिकेच्या मागे बारीक अक्षरांत लिहिलं होतं: 'पहिला अंक. 1) थोरल्याने घर विकायचं ठरवलंय, आईला ठाऊक नाही. 2) पत्र धाकटीकडे आहे. 3) मधला जरा रडतो, महत्त्वाचं नाही.' खाली रेघ मारून: 'बटाटेवडे दोन राखून ठेवले आहेत. काकूंच्या पिशवीत.'

परतताना आम्ही एकाच टॅक्सीत होतो आणि पुन्हा अडकलोच. या वेळी रात्री सुटलेल्या अवजड गाड्या. काकांनी पिशवीतून राजगिऱ्याचे लाडू काढले, एक ड्रायव्हरला दिला आणि इंजिन बंद करायला सांगितलं. मी वैतागून विचारलं, "काका, हे एवढं सगळं कशासाठी? हूक, वह्या, बादल्या?"

"हा ट्रक माझ्या हातात आहे?" काकांनी विचारलं.

"नाही."

"मेट्रो? नळ? सिग्नल?"

"नाही."

"किल्ली आहे." त्यांनी खिशावर हात मारला. "जे आहे ते नीट धरतो. बाकीच्यासाठी लाडू."

लाडवाचं वेष्टन त्यांनी घडी घालून पुन्हा पिशवीत टाकलं.

आता ती गोष्ट, जी सांगायला काकूंची परवानगी आहे, काकांची नाही. गेल्या जुलैत, मुसळधार पावसात, रात्री दहाला काकू कचऱ्याची बादली दाराबाहेर ठेवायला आल्या. काका मागून आले. हातात पेपरांचा गठ्ठा. "उठलीच आहेस तर," म्हणून तो गठ्ठाही त्यांनी काकूंच्या हाती दिला, आणि तेवढ्यात खाडीकडचा वारा आला. दार धाडकन बंद. लॅच लागली. बाहेर दोघं, काका बनियनवर. पाच शब्दांचा मंत्र म्हटलेला नव्हता, कारण काकांच्या मते जिन्यापर्यंत येणं म्हणजे बाहेर जाणं नव्हे.

पण काकांची व्यवस्था एका दारावर अवलंबून नसते. पाच वर्षांपूर्वी त्यांनी एक जादा किल्ली आमच्याकडे पाकिटात घालून दिली होती. वर लिहिलं होतं, 'बी-302, तातडीसाठी'. मी तेव्हा म्हणालो होतो, "काही काळजी करू नका, नीट ठेवतो."

मी ती नीट ठेवली होती. कुठे, ते आठवेना.

आम्ही शोधायला लागलो. टीव्हीचा खण, देवघराखालचा खण, बुटांचं कपाट, बायकोच्या तीन पर्स. किल्ली सोडून सगळं सापडलं: हरवलेलं पासबुक, न उघडलेलं उटण्याचं पुडकं, मी बायकोवर हरवल्याचा आळ घेतलेला चार्जर, आणि चार नेलकटर. काका सोफ्यावर बसून हे पाहत होते. ते एक अक्षर बोलले नाहीत. त्यांनी नुसते ते चार नेलकटर एका ओळीत लावले. काकूंनी आमच्या मुलीकडून गरम पोहे करून घेतले आणि मजेत खाल्ले.

अकरा वाजता काकांनी विचारलं, "लेखक, मी किल्ली दिली त्या दिवशी तुम्ही काय करत होतात?"

मी डोळे मिटले. "गणपतीची आरास. मी शिडीवर होतो. तुम्ही खालून पाकीट वर दिलंत."

"माळ्यावर बघा."

माळ्यावरच्या खोक्यात, मखराच्या थर्माकोलखाली, दिव्यांच्या माळेच्या गुंत्यात ते पाकीट होतं. पाच वर्षं बाप्पाच्या सामानाबरोबर ते दरवर्षी खाली आलं होतं आणि वर गेलं होतं. मी तोंड लपवत ते काकांच्या हातात दिलं. त्यांनी पाकीट उलटसुलट पाहिलं आणि म्हणाले, "सुरक्षित जागी होती, हे बाकी खरं."

दुसऱ्या दिवशी सकाळी आठला बेल वाजली. काका ड्रिल मशीन घेऊन उभे. "दोन मिनिटांचं काम," म्हणाले. भोक पडताना गिलावा निघाला, मग भोक मोठं झालं, मग खुंटी सैल झाली, मग ते घरी जाऊन सिमेंट घेऊन आले. पाऊण तासाने आमच्या दाराच्या आतल्या बाजूला दोन पितळी हूक लागले. पहिल्यावर त्यांनी स्वतःच्या हाताने 'बी-302'ची किल्ली अडकवली. दुसरा आमच्या किल्लीसाठी. जाताना मी त्यांच्या हातात रिकामा कप दिला आणि तोंडातून निघून गेलं, "निघालाच आहात तर..." काका थबकले. मग इतके खूश झाले की कप घेऊन ते स्वयंपाकघरात गेले, धुतला, पालथा घातला.

आता मीही दारात उभा राहून पाच शब्द म्हणतो. लिफ्टमध्ये म्हणतो, जरा हळू आवाजात. मुलगी हसते. त्यांची किल्ली गेल्या जुलैपासून पहिल्या हुकावर आहे, एक इंचही हललेली नाही.

दुसरा हूक बहुतेक वेळा रिकामा असतो. पण आम्हाला त्याची चिंता नाही. आमची जादा किल्ली तिसऱ्या मजल्यावर आहे, पाहुण्यांच्या छत्रीच्या जागी, पाचव्या हुकावर. आठवड्यातून दोनदा मी ती आणायला जातो. आणि परत द्यायला गेलो की काका म्हणतात, "आलाच आहात तर..."